कॅज्युअल्टीत परिचारिका किती हव्यात, हे खाटा मोजून ठरते का?

रेवाकाठ (इंदूर)

नमस्कार. मी इंदूरमधील एका खासगी रुग्णालयाच्या कॅज्युअल्टीत, म्हणजे तातडीच्या उपचारांच्या विभागात, अकरा वर्षांपासून परिचारिका आहे. माहेर खरगोनजवळचे आणि सासर रामबागेतले, त्यामुळे निमाडातून रात्री-अपरात्री येणाऱ्या माणसांची बोली आणि त्यांची भीती मला परकी नाही. गेल्या महिन्यात आमच्याकडे मनुष्यबळाची बैठक झाली. कॅज्युअल्टीत खाटा आठ, रात्री परिचारिका दोन, म्हणजे चार खाटांमागे एक. हे प्रमाण पुरेसे आहे अशी नोंद तयार करून तिच्यावर सर्वांच्या सह्या मागण्यात आल्या. मी सही केली नाही. का केली नाही, हे इथे सविस्तर लिहिते आहे, कारण असे कागद इतर ठिकाणीही फिरत असतील आणि त्यांना उत्तर काय द्यायचे हे आपण एकमेकींना सांगितले पाहिजे.

ज्या रात्रीमुळे हे सारे सुरू झाले, ती जुलैमधली होती. नऊ वाजता आम्ही दोघींनी हँडओव्हर घेतला तेव्हा सहा रुग्ण होते. त्यांपैकी एक आजोबा दुपारपासून व्हेंटिलेटरवर होते. त्यांना अतिदक्षता विभागात हलवण्याचा निर्णय चार वाजताच झालेला होता, पण वर खाट रिकामी नव्हती. साडेदहाच्या सुमारास बडवाहकडून एक तरुण शेतकरी आला. फवारणीचे औषध अंगावर आणि थोडे पोटातही गेलेले, तोंडाला फेस, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या. ज्यांनी असा रुग्ण सांभाळला आहे त्यांना मी काय सांगावे. पण ज्यांनी सांभाळला नाही त्यांच्यासाठी लिहिते. आधी हातमोजे आणि एप्रन घालून त्याचे सगळे कपडे उतरवायचे आणि अंग साबण-पाण्याने धुवायचे, कारण औषध कातडीतूनही शिरत राहते. मग त्या विषावरचा उतारा, अ‍ॅट्रोपीन, सुरू करायचे. दर पाच मिनिटांनी छाती ऐकायची, घरघर तशीच असेल तर डोस दुप्पट, पुन्हा पाच मिनिटे, पुन्हा छाती, नाडी, रक्तदाब, काखेतला घाम. हे छाती कोरडी होईपर्यंत चालते आणि त्या वेळात खाट सोडून जाता येत नाही. अ‍ॅट्रोपीनच्या एका अँप्यूलमध्ये (काचेच्या कुपीत) ०.६ मिलिग्रॅम औषध असते; डोस दुप्पट होत गेला की शेवटच्या फेऱ्यांत एकेका डोसासाठी कितीतरी अँप्यूल फोडाव्या लागतात, आणि त्या फोडणारे हात त्याच परिचारिकेचे असतात.

तिथे मी होते. माझी सहकारी व्हेंटिलेटरवरच्या आजोबांची नळी साफ करत होती, कारण त्यांचा ऑक्सिजन उतरू लागला होता. त्याच वेळी सुमारे अठ्ठावन्न वर्षांच्या एक बाई मुलाबरोबर चालत आल्या आणि दारालगतच्या खुर्चीवर बसल्या. पित्त झाले असेल, असे मुलगा म्हणाला. त्यांचा जबडा दुखत होता आणि घाम सुटला होता. मी लांबून पाहिले आणि इसीजी काढायला हवा, हे मला कळले. छातीच्या तक्रारीचा रुग्ण दारात आल्यापासून दहा मिनिटांत इसीजी निघावा, हा दंडक आम्ही नव्या मुलींना पहिल्याच आठवड्यात शिकवतो. त्यांचा इसीजी निघाला एकतिसाव्या मिनिटाला. हृदयविकाराचा झटका होता. बाई वाचल्या, त्या रात्रीच कॅथलॅबमध्ये (हृदयाच्या रक्तवाहिन्यांवर उपचार करतात त्या कक्षात) गेल्या, आणि हे लिहिताना मला आजही हायसे वाटते. परंतु ती एकवीस मिनिटे त्यांच्या हृदयाच्या स्नायूवर खर्च झाली, हेही खरेच आहे.

चार दिवसांनी माझ्या सहकारी परिचारिकेला पत्र आले: इसीजीला विलंब का झाला, याचे लेखी स्पष्टीकरण द्यावे. त्या पत्रात आजोबांचा उल्लेख नव्हता, फवारणीच्या रुग्णाचा नव्हता, आणि औषधांचे बिल भरल्याशिवाय फार्मसी औषध देत नाही म्हणून मुलाला आधी बिलिंगच्या खिडकीवर पाठवले गेले होते, याचाही नव्हता. कागदावर आठ खाटांना दोन परिचारिका होत्या, त्या अर्थी मनुष्यबळ पुरेसे होते, त्या अर्थी चूक माणसाची होती, असा त्या पत्राचा तर्क होता.

माझे म्हणणे एवढेच आहे की या तर्काची पहिली पायरीच चुकीची आहे. भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषांत अतिदक्षता विभागासाठी एका रुग्णामागे एक परिचारिका धरलेली आहे. व्हेंटिलेटरवरचा रुग्ण वरच्या मजल्यावर असला की त्याला एक परिचारिका लागते आणि तळमजल्यावर असला की पाव परिचारिका पुरते, हे कसे? त्याचा आजार जिना उतरल्याने हलका होत नाही. फवारणीचा रुग्ण पहिला तास-दीड तास पूर्ण एक परिचारिका घेतो. सर्पदंशाचा रुग्ण आला, तर कोरड्या काचेच्या नळीत रक्त घेऊन ते वीस मिनिटे न हलवता ठेवायचे, गोठले का ते पाहायचे, आणि तेच पुन:पुन्हा करायचे. प्रतिविष सुरू झाले, तर सुरुवातीला त्याला रिअ‍ॅक्शन येते का ते पाहत शेजारीच उभे राहावे लागते. त्या रात्रीचे काम मोजले असते तर दोन परिचारिका आधीच दोन रुग्णांत संपलेल्या होत्या. उरलेल्या खाटा आणि ती दाराजवळची खुर्ची कोणाच्याही वाट्याला आलेली नव्हती. खुर्ची तर खाटांच्या हिशेबात धरतच नाहीत.

त्या दिवसापासून मी एक वही ठेवली आहे. दर चार तासांनी तीव्रतेनुसार लाल (सर्वांत तातडीचे), पिवळे (त्यानंतरचे), हिरवे (थांबू शकणारे) किती रुग्ण, त्यांपैकी किती जणांना एकास एक परिचारिका लागली, वर हलवण्याचा निर्णय होऊनही किती जण किती तास खाली थांबले, आणि त्या वेळात आम्ही ट्रॉली शोधणे, सिलिंडर आणवणे, बिलाची चौकशी करणे यांत किती वेळ घालवला. रुग्णांची नावे लिहीत नाही. आता ही वही घेऊन व्यवस्थापनापुढे जायचे आहे. ज्यांनी असे काही केले आहे, त्यांनी कृपया सांगावे: ते कसे मांडले, कोणाच्या मार्फत दिले, आणि भांडखोर असा शिक्का बसू न देता ते कसे टिकवले?

जुनी मेट्रन (इंदूर)

रेवाकाठ, तुम्ही सही केली नाहीत हे योग्य केलेत, बाई. मी सरकारी नोकरीत चौतीस वर्षे काढली आणि शेवटची काही वर्षे नेमणुकांचे वेळापत्रकच माझ्या हाताखाली होते, म्हणून थोडे अधिकाराने लिहिते.

आपल्या शहराला गर्दीप्रमाणे माणसे लावण्याची सवय नाही असे नाही. रंगपंचमीला राजवाड्यावर गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक, निघते, अनंत चतुर्दशीला गिरण्यांच्या झाँक्या (देखाव्यांची मिरवणूक) रात्रभर चालतात. त्या दोन दिवसांसाठी आम्ही आठवडाभर आधी रजा थांबवत असू, ड्रेसिंगचे ट्रे लावून ठेवत असू, धनुर्वाताची इंजेक्शने आणि टाक्यांचे सामान मोजून ठेवत असू, आणि जादा परिचारिका कॅज्युअल्टीला देत असू. तेव्हा खाटा किती असे कोणी विचारत नसे, काम किती येणार हेच विचारले जाई. मग पेरणीनंतरच्या फवारणीचे आठवडे आणि सर्पदंशाचे पावसाळी महिने दरवर्षी ठरल्या वेळी येत असताना, त्यांच्यासाठी तोच विचार का होऊ नये? व्यवस्थापनाला हे उदाहरण द्या. इंदूरमधल्या माणसाला ते लगेच कळेल.

दुसरे, केवळ तुमच्या वहीवर भिस्त ठेवू नका. वही तुमची आहे, तेव्हा ती तुमच्या बाजूची आहे असे म्हटले जाईल. औषधांचा स्टॉक रजिस्टर मात्र कोणाच्याच बाजूचा नसतो. त्या रात्री अ‍ॅट्रोपीनच्या किती अँप्यूल निघाल्या, हे फार्मसीच्या नोंदीत आहे. व्हेंटिलेटर किती तास खाली चालला, हे ऑक्सिजनच्या आणि बिलाच्या नोंदीत आहे, कारण त्याचे पैसे तासावर लागले असतील. या नोंदींच्या तारखा तुमच्या वहीशी जुळवून दाखवा.

आणि अर्ज एकटीने देऊ नका. सर्व पाळ्यांतील परिचारिकांच्या सह्यांचा, इंचार्ज सिस्टरच्या मार्फत, आणि आवक क्रमांक घेऊन द्या. आवक क्रमांक नसलेला अर्ज दिलेलाच नसतो, हे मी फार उशिरा शिकले.

आपत्कालीन कक्ष (इंदूर)

मी कॅज्युअल्टीत डॉक्टर आहे. रेवाकाठ सिस्टरांचे म्हणणे मला शब्दशः पटते, तरी दोन गोष्टी जोडतो आणि एका ठिकाणी सावध करतो.

इसीजीसाठी डॉक्टरांच्या सांगण्याची किंवा बिलाच्या पावतीची वाट पाहावी लागू नये, असा स्थायी लेखी आदेश प्रत्येक कॅज्युअल्टीत हवा. छाती, जबडा, डावा हात, वरचे पोट यांत दुखणे किंवा कारण नसता घाम, एवढे दिसले की जी परिचारिका किंवा जो तंत्रज्ञ मोकळा असेल त्याने इसीजी काढून माझ्या हातात द्यावा. स्त्रियांमध्ये आणि मधुमेहींमध्ये झटक्याचे लक्षण अनेकदा पित्तासारखे भासते, म्हणून हा आदेश त्यांच्यासाठी अधिकच आवश्यक आहे.

दुसरे, कॅज्युअल्टीतील गर्दी दारातून येते असे सर्वांना वाटते, पण ती बहुतेक वेळा वरच्या मजल्यावर अडलेली असते. अतिदक्षता विभागातील रुग्णाला सकाळी अकराला वॉर्डात हलवता येईल असे मी लिहितो. वॉर्डातील खाट मात्र विम्याची मंजुरी आणि बिलाचा हिशेब होऊन रात्री आठला रिकामी होते. मधले नऊ तास तुमचे आजोबा खाली थांबतात. त्यामुळे तुमच्या वहीतला सर्वांत मोलाचा रकाना प्रतीक्षेच्या तासांचा आहे, कारण तो परिचारिकांच्या संख्येपलीकडचा प्रश्नही उघडा करतो.

सावध करायचे ते लाल-पिवळ्याच्या वर्गीकरणाबद्दल. ज्याला माणसे वाढवून हवी आहेत त्यानेच रुग्णाची तीव्रता ठरवली, तर समोरचा त्यावर विश्वास ठेवणार नाही. प्रत्येक नोंदीखाली त्या पाळीच्या डॉक्टरचीही सही घ्या. आमच्याकडे मी ती देतो.

व्यवस्थापनाची बाजू (इंदूर)

मी चाळीस खाटांच्या एका रुग्णालयाचे व्यवस्थापन पाहतो. वरील चर्चा वाचून अस्वस्थ झालो, कारण अशी पत्रे मीही काढली आहेत. विलंब झाला की कोणाकडून तरी लेखी उत्तर हवे असते, आणि सर्वांत सोपे उत्तर पाळीवरच्या परिचारिकेकडून मिळते. ही पद्धत चुकीची आहे, हे मान्य करतो.

पण अडचणही समजून घ्यावी. रात्री एक परिचारिका वाढवायची म्हणजे एक नेमणूक नव्हे. साप्ताहिक सुटी, रजा आणि आजारपण धरून एका जागेसाठी एकाहून अधिक माणसे लागतात. शासकीय योजनांचे पैसे महिनोन्महिने येत नाहीत. शिवाय प्रशिक्षित माणसे मिळत नाहीत. आपल्या राज्यात नर्सिंग महाविद्यालयांच्या मान्यतेचे प्रकरण उच्च न्यायालयात गेले, सीबीआयची चौकशी झाली, आणि त्या गोंधळात प्रामाणिकपणे शिकणाऱ्या मुलींच्या परीक्षा वर्षानुवर्षे रखडल्या. ज्या उत्तीर्ण होतात त्यांतल्या चांगल्या मुली दोन वर्षे कॅज्युअल्टीत काढून परदेशाची वाट धरतात. मी त्यांना दोष देत नाही, पण रिकामी जागा भरायची कोठून?

रेवाकाठ (इंदूर)

तिघांचेही मनापासून आभार. जुनी मेट्रन, गेरचे उदाहरण मी अर्जात घेते आहे. डॉक्टरसाहेब, सहीचा रकाना आजच आखला.

व्यवस्थापनाची बाजू मांडणाऱ्या दादांनी आपली चूक मोकळेपणी मान्य केली, याचा मला आदर आहे, म्हणून तितक्याच मोकळेपणी उत्तर देते. एका जागेसाठी एकाहून अधिक माणसे लागतात, हे आपले म्हणणे परिषदेच्या निकषांतही आहे. रजेसाठी तीस टक्के राखीव मनुष्यबळ धरावे, असे ते निकष सांगतात. म्हणजे ही अडचण अनपेक्षित नाही, ती हिशेबात धरायची राहून जाते.

परिचारिका का सोडून जातात, याचे उत्तरही कागदावर आहे. २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशावरून केंद्र सरकारने समिती नेमली. दोनशेहून अधिक खाटांच्या खासगी रुग्णालयात परिचारिकेला राज्य सरकारच्या समकक्ष परिचारिकेएवढे वेतन असावे, शंभराहून अधिक खाटा असतील तर ते दहा टक्क्यांपेक्षा अधिक कमी नसावे, पन्नास ते शंभर खाटांत पंचवीस टक्क्यांपेक्षा अधिक कमी नसावे, आणि पन्नासहून कमी खाटांच्या ठिकाणीही महिना २०,००० रुपयांच्या खाली जाऊ नये, अशी त्या समितीची शिफारस होती. मी हे आकडे आमच्या नव्या मुलींना सांगितले तेव्हा त्यांपैकी एकीनेही ते आधी ऐकलेले नव्हते. आपला हक्कच ठाऊक नसलेली मुलगी पगाराबद्दल बोलत नाही, ती मुकाट्याने पासपोर्ट काढते.

आणि सगळ्याच उपायांना पैसा लागत नाही. फार्मसीने पहिल्या तासाचे औषध बिलाआधी देणे, ट्रॉली ठरल्या जागी परत ठेवणे, व्हेंटिलेटरचा रुग्ण खाली अडकला तर वरच्या विभागाने आपली एक परिचारिका खाली पाठवणे, यांत नवी नेमणूक नाही. माझ्या वहीप्रमाणे गेल्या तीन आठवड्यांत एका रात्रीत सरासरी दीड तास आम्ही जे करत होतो, त्याला परिचर्या म्हणता येणार नाही. तो दीड तास परत मिळाला, तर मी आधी तोच घेईन.

लोकमान्यनगर (इंदूर)

मी या क्षेत्रातला नाही. दोन वर्षांपूर्वी वडिलांना घेऊन एका कॅज्युअल्टीत चार तास बसलो होतो आणि तिथल्या सिस्टरवर फार वाईट शब्दांत ओरडलो होतो. त्या खाली मान घालून दुसऱ्या रुग्णाची शीर शोधत होत्या. आमचा नंबर का लागत नाही, हे मला त्या चार तासांत कोणीही सांगितले नाही. आधी आला त्याला आधी पाहतात, असेच मी समजत होतो. लाल, पिवळा, हिरवा हे शब्द मी आज या धाग्यावर पहिल्यांदा वाचले. दारात हिंदी आणि मराठीत एक मोठा फलक लावला आणि दर अर्ध्या तासाने कोणीतरी येऊन थांबण्याचे कारण सांगितले, तर माझ्यासारखी बरीच माणसे गप्प बसतील. त्या सिस्टर हे वाचत असतील, तर मी त्यांची क्षमा मागतो.

रात्रपाळी (इंदूर)

मी पुरुष परिचारक आहे, सहा वर्षे झाली. लोकमान्यनगर काकांनी लिहिले ते वाचून बरे वाटले. ओरडणे ऐकण्याची सवय होते, हात उगारण्याची होत नाही. गणेश घाटातला ट्रकचा अपघात घेऊन एकदा तीन रुग्ण आणि त्यांच्यामागे तीस माणसे आली. एमएलसीची (पोलिसांना कळवायच्या प्रकरणाची) नोंद होईपर्यंत उपचार थांबवले, असा त्यांचा समज झाला. तो चुकीचा होता. जखमीवर आधी उपचार, पोलिसांचे सोपस्कार नंतर, हे सर्वोच्च न्यायालयाने परमानंद कटारा प्रकरणात १९८९ मध्येच स्पष्ट केले आहे आणि आम्ही तेच करत होतो. माझ्या कानशिलात बसली. दुसऱ्या दिवशी मला सांगितले गेले की, रुग्णालयाचे नाव खराब होईल, तक्रार करू नकोस.

तेव्हा मला माहीत नव्हते, आता आहे. मध्य प्रदेशात वैद्यकीय सेवेतील व्यक्तींच्या सुरक्षेचा कायदा २००८ पासून आहे आणि तो केवळ डॉक्टरांसाठी नाही. कोलकात्यात रुग्णालयातच एका प्रशिक्षणार्थी डॉक्टर तरुणीवर बलात्कार करून तिची हत्या झाली, त्यानंतर ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्राने आपल्या रुग्णालयांच्या प्रमुखांना लिहून दिले की, कामावरील कर्मचाऱ्यावर हिंसा झाल्यास सहा तासांच्या आत संस्थेने स्वतः एफआयआर नोंदवावा. खासगी रुग्णालयांनीही हाच नियम आपल्या नियमावलीत घालावा, असे मला वाटते, कारण मार खाल्लेल्या माणसाने एकट्याने पोलीस ठाण्यात जाणे आणि संस्थेने जाणे यांत फार अंतर आहे. रेवाकाठ ताई, तुमच्या वहीत शिवीगाळ आणि मारहाणीचाही एक रकाना घाला. माझा अंदाज आहे की तो प्रतीक्षेच्या तासांबरोबर वाढताना दिसेल.

रेवाकाठ (इंदूर)

रकाना घातला, आणि तुमचा अंदाज आमच्यापुरता तरी खरा निघाला. ज्या चार रात्री वादावादी झाली, त्या चारही रात्री कोणी ना कोणी रुग्ण सहा तासांहून अधिक काळ खाली अडकलेला होता.

काल बैठक झाली. अर्जावर तिन्ही पाळ्यांतील सतरा परिचारिका आणि पाच डॉक्टरांच्या सह्या होत्या, सोबत सहा आठवड्यांचे तक्ते आणि फार्मसीच्या नोंदी. इंचार्ज सिस्टर माझ्या शेजारी बसल्या. पाऊण तास चर्चा झाली. इसीजीचा स्थायी आदेश त्याच दिवशी निघाला. पहिल्या तासाची औषधे आता कॅज्युअल्टीच्या कपाटातून मिळतील आणि त्यांचे बिल नंतर होईल. व्हेंटिलेटरवरचा रुग्ण चार तासांहून अधिक खाली थांबला तर अतिदक्षता विभागाची परिचारिका खाली येईल, हे तीन महिन्यांसाठी करून पाहायचे ठरले. तिथल्या सिस्टरांनी यावर आक्षेप घेतला आहे आणि त्यांचेही खरे आहे, कारण त्यांच्याकडेही माणसे मोजकीच आहेत. जुलै ते सप्टेंबर रात्री तिसरी परिचारिका देण्याची मागणी विचाराधीन ठेवली आहे. दारातला फलक पुढच्या आठवड्यात लागेल. त्यावरचा मराठी मजकूर लोकमान्यनगर काकांनी तपासून द्यावा, अशी विनंती आहे.

माझ्या सहकारी परिचारिकेचे स्पष्टीकरणपत्र मात्र तिच्या फायलीतच आहे. ते मागे घ्यावे असा वेगळा अर्ज आज सकाळी दिला आणि आवक क्रमांक घेतला. ते पत्र फायलीतून काढले जाईपर्यंत मनुष्यबळाच्या नोंदीवर मी सही करणार नाही, हेही त्याच अर्जात लिहिले आहे.